सरकारी कोपर

सातारा जिल्ह्यात सैन्यातून सुट्टीवर आलेला माणूस एसटीतून उतरला की मेजर होतो. पलटणीत तो शिपाई असेल, लान्स नाईक असेल, नाहीतर हवालदार. पारावर हुद्दा एकच चालतो. खराखुरा मेजर गावात आलाच तर त्याला काय म्हणायचं, हा प्रश्न अजून उभा राहिलेला नाही. ज्या जिल्ह्यातल्या एका गावाचं नावच 'अपशिंगे मिलिटरी' आहे, तिथं असल्या बारकाव्यांत कुणी पडत नाही.

तर आमचे मेजर. मराठा लाइट इन्फन्ट्रीत हवालदार, सर्व्हिस १४ वर्षं, वजन पलटणीत ७४ किलो आणि घरी आल्यावर चौथ्या दिवशी ७८. वर्षाला ६० दिवसांची सुट्टी मिळते. तिच्यात बाकीचे जवान घरावर स्लॅब टाकतात, बहिणीचं लग्न उरकतात, बांधाच्या भांडणाची तारीख गाठतात. मेजर हे सगळं करतात आणि उरलेल्या दिवसांत पिंजऱ्यात उतरून मारामारी करतात.

या मारामारीला मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे एमएमए म्हणतात. ठोसा बॉक्सिंगचा, लाथ थाई पद्धतीची, पट कुस्तीतला आणि गळा आवळायची विद्या जपानातून ब्राझीलमार्गे आलेली. लढत होते ती जाळीनं वेढलेल्या रिंगणात. 'मेजर पिंजऱ्यात जातात' ही बातमी पहिल्यांदा गावात पसरली तेव्हा जुन्या मंडळींना १९७२ चा 'पिंजरा' सिनेमा आठवला. चांगल्या माणसाचं तमाशापायी काय होतं हे त्यांनी त्यात पाहिलं होतं. दोन-तीन म्हाताऱ्या तर वहिनींना धीर द्यायला घरी येऊन गेल्या.

मेजरांचं घराणं पैलवानांचं. त्यांचे वडील, आबा, तरुणपणी कोल्हापूरच्या खासबागेत लढून आलेले. शाहू महाराजांनी १९१२ साली खुलं केलेल्या त्या मैदानात आपली कुस्ती बरोबरीत सुटली हे आबा अजून सांगतात. समोरचा पैलवान सांगायला हयात नसल्यामुळे ते मान्य करावं लागतं. कराडजवळचं गोळेश्वर आमच्यापासून लांब नाही. त्या गावच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत भारताला कुस्तीचं ब्राँझ मिळवून दिलं, त्यामुळे आबांच्या लेखी जगातला खेळ एकच आणि बाकीचं सगळं पोरखेळ.

मेजरही तालमीतच वाढले. पहाटे जोर, मग लढत, मग थंडाई. त्यातून त्यांचे कान फुटले. कानाच्या कुर्चेत मार लागून रक्त साकळतं, ते तसंच घट्ट होतं आणि कान कायमचा मिटतो. भरतीच्या मैदानात १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांच्या आत धावून ते बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला गेले, तिथून पलटणीच्या कुस्ती टीममध्ये. सगळं आबांच्या मनासारखं चाललेलं होतं. घात केला तो थंडीच्या एका पोस्टिंगनं. बाहेर बर्फ, आत बुखारी आणि एका सोबत्याच्या मोबाइलमध्ये भरून आणलेल्या अमेरिकेतल्या यूएफसी या स्पर्धेच्या लढती. मेजरांनी पहिली पाहिली, दुसरी पाहिली, आणि तिसरीत कुणीतरी म्हणालं, "ये भी फौजी है."

तेव्हापासून मेजरांची एक यादी आहे, ती ते कोणालाही, कुठंही, न विचारता ऐकवतात. रँडी कुटूर: अमेरिकन लष्कराच्या १०१ एअरबोर्न डिव्हिजनमध्ये सार्जंट, २००७ साली वयाच्या ४३ व्या वर्षी यूएफसीचा हेवीवेट चॅम्पियन. ब्रायन स्टॅन: मरीन, इराकमधल्या २००५ च्या लढाईतल्या कामगिरीबद्दल सिल्व्हर स्टार, पुढे पिंजऱ्यातही पट्टा. टिम केनेडी: स्पेशल फोर्सेसचा सार्जंट, २०१३ साली फोर्ट कॅम्पबेलच्या छावणीत जवानांसमोर झालेल्या यूएफसीत पहिल्याच फेरीत ठोशानं निकाल. लिझ कारमूश: मरीन, हेलिकॉप्टरची इलेक्ट्रिशियन, यूएफसीतली बायकांची पहिली लढत २३ फेब्रुवारी २०१३ रोजी झाली, ती रोंडा राउझी आणि हिच्यात. यादीच्या शेवटी मेजर आवाज खाली आणून म्हणतात, "आनि आपला मुंबईचा भरत खंडारे. यूएफसीत गेला. शांघायला, २०१७ ला." तिथं काय झालं हे ते सांगत नाहीत. खंडारे पहिल्या फेरीत हरले होते. आपल्या माणसाचा पराभव चारचौघांत उघडा करायचा नाही, एवढं तालमीनं शिकवलेलं असतं.

परवानगीचा अर्ज ही स्वतंत्र मोहीम होती. कुस्ती असती तर अडचण नव्हती; ती ऑलिम्पिकमध्ये आहे, पुण्याला आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट आहे, सगळी वाट बांधलेली आहे. एमएमए ऑलिम्पिकमध्ये नाही. कंपनीच्या क्लार्कनं अर्ज दोनदा वाचला आणि विचारलं, "केज में क्यों बंद करते हैं? कुछ किया है क्या आपने?" सीएचएम, म्हणजे कंपनी हवालदार मेजर साहेबांची शंका वेगळी होती. ते म्हणाले, "मारपीट ही करनी है तो यहाँ क्या कमी है?" शेवटी सुट्टीत, स्वखर्चानं, हौशी गटात लढायला हरकत नाही असं ठरलं, मात्र दुखापत झाली तर जबाबदारी स्वतःची. शेवटचं वाक्य मेजरांनी फारसं लक्षपूर्वक वाचलं नाही. जवान अर्जातला फक्त 'मंजूर' हा शब्द वाचतो.

पुण्यात मेव्हण्याच्या घरी मुक्काम आणि एका इमारतीच्या तळघरातली जिम. तिथला कोच २६ वर्षांचा, दोन्ही हातांवर गोंदण, केस मानेपर्यंत. पहिल्या दिवशी सहाच्या बॅचला मेजर पावणेसहाला पोचले. कोच सहा वाजून दहा मिनिटांनी किल्ली घेऊन आला तेव्हा मेजर बंद शटरसमोर सावधान उभे होते.

"गुड मॉर्निंग, साब!"

आयुष्यात त्या पोराला कुणी साब म्हटलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशीपासून तो साडेपाचला यायला लागला. आठवड्याभरात जिमचा चेहरा बदलला. चपला एका ओळीत, पाण्याच्या बाटल्या उंचीप्रमाणे, ग्लोव्हज मोजून पेटीत. आयटीतली मुलं वॉर्म-अपला उशिरा आली की त्यांचा रगडा निघायचा: फ्रंट रोल, मॅटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. कोचनं एकदा हळूच सांगितलं की ही पोरं फी भरून येतात. मेजरांना ते पटलं नाही. "फी भरून उशिरा येतात म्हंजे नुकसान डबल झालं की साब."

नियमांचं पुस्तक मात्र मेजरांना फार आवडलं. हा खेळ म्हणजे काहीही करा, असा लोकांचा समज असतो. १९९३ साली डेन्व्हरला पहिली यूएफसी झाली तेव्हा ते बरंचसं खरंही होतं. पुढे नियम आले. डोळ्यात बोट नाही, डोक्यानं धडक नाही, मानेच्या मागं ठोसा नाही, जाळीला धरायचं नाही, केस ओढायचे नाहीत. हौशी गटात तर तीन-तीन मिनिटांच्या फक्त तीन फेऱ्या, नडगीला पॅड आणि कोपर मारायला बंदी. मेजरांनी ही सगळी यादी वहीत उतरवून स्टँडिंग ऑर्डरसारखी पाठ केली. संगीन चालवायला शिकलेल्या माणसाला एवढे नियम म्हणजे सणासुदीचा दिवस. एका गोष्टीवर मात्र ते अडले.

"साब, कोपर मारायचं न्हाय?"

"नाही."

"आनि समोरच्याचं कोपर मोडायचं?"

"आर्मबार? तो चालतो. म्हणजे मोडायच्या आत तो टॅप करतो."

मेजरांनी वहीत लिहिलं: कोपर मारण्यास मनाई, मोडण्यास परवानगी. खाली दोन रेघा मारल्या. टॅप या शब्दापुढं काहीच लिहिलं नाही.

खरी पंचाईत पुढं होती. तालमीत वाढलेल्या माणसाची पाठ हीच त्याची अब्रू. मातीला पाठ लागली की कुस्ती संपली, हलगी थांबली, फेटा दुसऱ्याच्या डोक्यावर. एमएमएत पाठीवर पडलेला माणूस संपलेला नसतो. तो खालून दोन्ही पायांनी वरच्याला कवेत घेतो आणि तिथून त्याचा गळा नाहीतर हात शोधतो. पहिल्या यूएफसीत हॉइस ग्रेसी नावाच्या सडपातळ माणसानं धिप्पाड गडी याच विद्येनं नमवले. कोचनं हे सगळं समजावलं आणि सांगितलं, "मेजर, आता पाठीवर झोपा." मेजर झोपले. पण दोन्ही खांदे मॅटला टेकू देईनात. पंधरा मिनिटं मान वर, खांदे वर, पोट थरथरतंय. शेवटी म्हणाले, "साब, आबांना कुनी सांगनार न्हाय ना?" कोचनं शब्द दिला. मग एक खांदा टेकला.

दुसरी गोष्ट टॅपची. डाव बसला आणि सुटका नाही असं दिसलं की हातानं समोरच्याच्या अंगावर किंवा मॅटवर दोन-तीनदा थोपटायचं. पंच लढत थांबवतो, दोघं उठतात, हात मिळवतात. सगळा खेळ या थोपटण्यावर उभा आहे. ते आहे म्हणून माणसं रोज एकमेकांचे गळे आवळतात आणि संध्याकाळी एकत्र चहा पितात. आणि आमच्या मेजरांना नेमकं तेवढंच येत नव्हतं. शरणागतीचा धडा कोणत्याच पलटणीत शिकवत नाहीत.

जिममध्ये सीएचा अभ्यास करणारा एक मुलगा होता. वजन ६२ किलो, चष्मा, आवाज इतका मऊ की फोनवर समोरचा 'ताई' म्हणायचा. जुजुत्सूत, म्हणजे त्या गळा आवळायच्या विद्येत, मात्र त्याचा जांभळा पट्टा. एका सकाळी त्यानं चष्मा काढून खिडकीत ठेवला आणि मेजरांशी सराव सुरू केला. मेजरांनी तीनदा त्याला उचलून आपटला. चौथ्यांदा तो पाठीमागून चिकटला आणि त्याचा हात मेजरांच्या हनुवटीखाली सरकला. गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या की मेंदूचं रक्त तुटतं. मग छाती कितीही रुंद असो, आठ-दहा सेकंदांत माणूस निजतो. कोच ओरडला, "मेजर, टॅप!" मेजरांनी छाती काढली, डोळे वटारले आणि निजले. थोडे घोरलेसुद्धा.

पोरानं घाबरून सोडलं. पाय वर धरले. काही सेकंदांनी मेजरांचे डोळे उघडले आणि पडल्यापडल्या त्यांनी खणखणीत आवाज दिला, "हाजिर, साब!"

नंतर त्यांचं म्हणणं एवढंच होतं की आपण हरलो नाही. "मी टॅप केला का? न्हाय. मग हरलो कसा?"

"मेजर, तुम्ही झोपला होता."

"झोपनं येगळं, साब. हरनं येगळं."

कोचनं त्यांना त्यांचीच यादी वाचून दाखवली. ज्या ब्रायन स्टॅनला सिल्व्हर स्टार आहे, त्यानं २०११ साली चेल सॉननपुढं टॅप केलं. लिझ कारमूश इराकमध्ये राहून आलेली, राउझीच्या पाठीवर चढून तिची मान पिळलेली. पण फेरी संपायला काही सेकंद उरले असताना आर्मबार बसला तेव्हा तिनंही टॅप केलं. अमेरिकन लष्कराच्या हातघाईच्या शिकवणुकीतच सांगतात की खऱ्या लढाईत ज्याचा सोबती बंदूक घेऊन आधी पोचतो तो जिंकतो. पिंजऱ्यात सोबती येत नाही. मेजरांनी सगळं ऐकलं, यादीतल्या दोन नावांपुढं पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा झोपले.

हा तिढा शेवटी वहिनींनी सोडवला. स्पर्धा दहा दिवसांवर आली होती आणि मेजर वजन उतरवायला घरी होते. लाइटवेट म्हणजे ७०.३ किलो. मेजरांना ७० समजतं. ते दशांश तीन त्यांना आजवर समजलेलं नाही, पण उतरवायचं तर तेही उतरवायचं. घरात मटण शिजलं की ते गोठ्यात जाऊन बसत. आबा रोज ताटावर बसून म्हणत, "आमच्या टायमाला पैलवान खाऊन लढायचं. हितं उपाशी लढत्यात. देवाला सोडलाय का मानसाला?" अशा एका जेवणात मेजरांनी झोपेचा किस्सा मोठ्या अभिमानानं सांगितला आणि वर म्हणाले, "मोडला हात तरी टॅप करनार न्हाय."

वहिनी भाकरी थापत होत्या. त्यांनी मागं वळून बघितलंसुद्धा नाही.

"अहो, हात कुनाचा हाय तो?"

"माझा."

"तुमचा कसा? पगार कोन देतंय त्या हाताला? बुटाची जोडी हरवली तर पलटनीत चौकशी हुती म्हनून तुमीच सांगता. हात मोडून नेला तर काय सांगनार? मेडिकल क्याटेगरी पडली म्हंजे? नायब सुभेदारी काय मी घेनार हाय?"

घर शांत झालं. शेप-वन, म्हणजे पूर्ण तंदुरुस्तीचा शेरा, ही जवानाची खरी कुंडली. डॉक्टरांच्या कागदावर तिच्यातलं एक अक्षर खाली आलं की बढती रुसते, पोस्टिंग बदलतं, आणि दुखापत कशी झाली यावर कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते. मेजरांना ते कागद दिसायला लागले: सदर हवालदाराने सरकारी कोपर, नग एक, रजेच्या काळात, खाजगी कारणासाठी वापरून निकामी केले. जेवण टाकून ते उठले, वही काढली, आणि टॅप या शब्दापुढं इतके दिवस मोकळी ठेवलेली जागा भरली: सरकारी मालाची हानी टाळण्यासाठी करावयाची कारवाई.

शरणागती त्यांना शेवटपर्यंत पटली नाही. मालमत्तेचं रक्षण लगेच पटलं.

स्पर्धेच्या दिवशी बाकीचे खेळाडू रॅपच्या तालावर, टोपी डोळ्यांवर ओढून आले. मेजर हलगीच्या रेकॉर्डिंगवर आले, दाहिना-बाया करत, नजर समोर. आत सोडण्याआधी अधिकाऱ्यानं नखं, माउथगार्ड तपासलं. किट इन्स्पेक्शन म्हणून मेजरांनी न विचारता तळपायही दाखवले. समोरासमोर उभं करून डोळ्यांत डोळे घालायचा एक कार्यक्रम असतो. प्रतिस्पर्धी पुढं सरकून दात-ओठ खायला लागला. मेजरांनी परेडवर अधिकाऱ्याकडं बघतात तसं त्याच्या कपाळातून आरपार, मागच्या भिंतीवर बघितलं. पोरानं गोंधळून दोनदा मागं वळून पाहिलं. मग मेजर म्हणाले, "राम राम." अर्धी लढत तिथंच जिंकली होती.

उरलेली अर्धी नऊ मिनिटांची होती. पहिल्या फेरीत मेजरांनी पट काढून त्याला खाली घेतलं आणि वर बसले. दुसरीतही तेच. तिसरीत दम निम्मा राहिला. त्यांनी पुन्हा त्याला पाठीवर पाडलं, आणि सवयीनं, पाठ लागली म्हणून, क्षणभर ढिले झाले. मनात हलगी थांबली असणार. त्या क्षणात खालच्यानं पाय फिरवला, मनगट धरलं आणि मेजरांचा उजवा हात दोन मांड्यांमध्ये सरळ झाला. कोपर उलट्या दिशेला निघालं.

मेजरांनी टॅप केलं. पण ड्रिलच्या टायमिंगनं केलं. एक. मग पलटणीत शिकवतात तसं मनातल्या मनात दो-तीन मोजत थांबले. मग दुसऱ्यांदा, एक. पंच पहिल्याच थापेला झेपावला म्हणून बरं. दो-तीनच्या भरवशावर राहिला असता तर सरकारचं नुकसान झालंच होतं.

ती उपांत्य फेरी होती, त्यामुळे ब्राँझ मिळालं. रोख काही नाही. गावच्या यात्रेत नारळावर लागलेल्या कुस्तीतसुद्धा निदान नारळ मिळतो, असं पारावर बोललं गेलं. निकाल लावायचं काम आबांकडं आलं. त्यांनी मोबाइलवर लढत तीनदा बघितली आणि एकच प्रश्न विचारला.

"पाठ कुनाची लागली?"

"त्याची. तिन्ही येळा," मेजर म्हणाले.

"मग हारला कोन?"

कोणीच बोललं नाही. आबांनी पेढे आणायला पैसे काढून दिले, आणि कुणी पितळी रंगाकडं बोट दाखवू नये म्हणून आधीच बजावलं, "खाशाबांचं बी ब्राँझच हुतं."

मेजर ठरल्या दिवशी, ठरल्या वेळेला, दोन्ही कोपरं शाबूत घेऊन पलटणीत हजर झाले. वैद्यकीय तपासणीत शेप-वन. पुढच्या सुट्टीचा अर्ज आताच तयार आहे, या वेळी जोडपत्रात वहिनींचा सरकारी हाताचा मुद्दा नियम म्हणून घातलाय असं ऐकतो. साताऱ्याच्या किंवा कोल्हापूरच्या एसटीत तुमच्या शेजारी असा मिटलेल्या कानांचा, ताठ बसलेला माणूस आलाच, तर त्याला सरहद्दीबद्दल विचारा, आबांबद्दल विचारा, पगाराबद्दलही विचारा. पण 'एखादा डाव दाखवा की' असं चुकूनही म्हणू नका, कारण तो दाखवतो. आणि दाखवायला लागलाच, तर दो-तीन मोजत बसू नका.